भांडणाची पुडी

गजभिये मॅडमना कुठलीही गोष्ट दोघांत वाटायला सांगितली, की त्या तिचे तीन भाग करायच्या. संत्रा बर्फीचा डबा आला तरी सुरी घेऊन तीन वाटे पाडायच्या. "एक तुयं, एक मायं, अन् एक भांडणाचं," असं म्हणून तिसरा भाग झाकण लावून कपाटावर जायचा. संध्याकाळपर्यंत कोणी भांडलं नाही, तर तो चौकीदाराचा. आमचा चौकीदार सुखदेव त्यामुळे प्रयोगशाळेत शांतता नांदावी म्हणून मनापासून झटायचा. कोणाचा आवाज चढला की तो फाटक सोडून आत यायचा आणि दोघांना चहा विचारायचा.

पाहुण्यांना हा विनोद वाटे. तो विनोद कमी आणि धंद्याची सवय जास्त होती.

आमची प्रयोगशाळा हिंगणा रोडवर आहे. खाणीतून निघालेल्या खनिजात धातू किती, हे तपासून सांगणं एवढंच आमचं काम. मी तिथलं कार्यालय सांभाळते. कोणता नमुना कधी आला, कोणाचा अहवाल राहिला, कोणत्या यंत्राचा माणूस कधी येणार, या सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात, आणि त्या रोज संध्याकाळी कोऱ्या झाल्याशिवाय मला घरी जावंसं वाटत नाही. मॅडम तिथल्या सर्वांत जुन्या रसायनज्ञ. मी लागले तेव्हाच त्यांचे केस अर्धे पांढरे होते.

ट्रकभर मॅंगनीज येतं, आणि तपासायला लागतं चमचाभर. तो चमचा साऱ्या ट्रकच्या वतीने खरं बोलला पाहिजे, म्हणून आधी मालाचा शंकूसारखा ढीग करायचा, तो वरून दाबून चपटा करायचा, भाकरीसारखे त्याचे चार तुकडे पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला टाकायचे. उरलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा चार तुकडे. असं करत करत मूठभर उरतं, ते दळायचं आणि त्याच्या तीन पुड्या बांधायच्या. एक विकणाऱ्याची, एक घेणाऱ्याची. तिसरीला लाखेचं सील लावून ती फळीवर ठेवायची. दोघांचे आकडे जुळले तर ती कधीच उघडायची नाही. नाही जुळले, तर ती दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या प्रयोगशाळेत जाते, आणि तिथून येईल तो आकडा अखेरचा. कागदोपत्री तिला पंच नमुना म्हणतात. मॅडम तिला भांडणाची पुडी म्हणायच्या, आणि त्यांच्यामुळे आम्ही सगळेच.

यातला एक नियम त्या कोणालाच मोडू देत नसत. ज्याने पुड्या बांधल्या, त्याने तिसरी कोणती ते निवडायचं नाही. म्हणून बर्फीचे भाग करून झाल्यावर त्या हात मागे घ्यायच्या आणि मला म्हणायच्या, "उचल वं वंदना. मी केले, मी नाही उचलत."

लाखेवर दाबायला प्रत्येक रसायनज्ञाचा शिक्का असतो. मॅडमचा शिक्का म्हणजे पितळेचा, हजेरीचा आकडा कोरलेला एक जुना बिल्ला होता, खाणीत कामावर जाताना मजुराने फाटकावर दाखवायचा असतो तसला. त्यांच्या वडिलांचा. रामटेक तालुक्यातल्या एका खाणीजवळच्या गावात त्या वाढल्या. वडील खाली खाणीत, आई वर, निघालेला माल हातोडीने फोडून निवडणाऱ्या बायकांत. दगड हातात घेऊन त्यात किती माल आहे हे सांगायला मॅडम आईकडून शिकल्या, आणि बऱ्याचदा यंत्राने नंतर तेच सांगितलं. आजोबांनी छप्पन साली नागपूरला येऊन दीक्षा घेतली होती. त्याचा मॅडमनी सांगितलेला अर्थ असा, की त्या दिवसापासून त्यांच्या घरी "असंच असते" हे वाक्य बंद झालं. कोणी म्हटलंच, तर आजोबा विचारायचे, काहून? का म्हणून?

दिसायला ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडी आणि त्याखाली पांढरे पळायचे बूट. कोटाच्या खिशात लोहचुंबक आणि भिंग, कायम. बोलण्याची एक गंमत होती. मॅडम शुद्ध पुस्तकी मराठीत बोलू लागल्या की समजावं, रागावल्या आहेत. नागपुरीत उतरल्या की एक तर जीव लावलाय, नाही तर विषय गंभीर आहे.

त्यांचं घर शहराच्या उत्तरेला. वारा तिकडून आला की औष्णिक वीज केंद्राची राख गच्चीवरच्या वाळवणावर बसायची. कुरडया झटकून झटकून त्या वैतागल्या होत्या. आमच्यात विजेवरची स्कूटर पहिल्यांदा त्यांनीच घेतली, आणि ती चार्ज करायला सुखदेवच्या चौकीतून वायर ओढली. सुखदेव तिच्याकडे संशयाने बघायचा.

"मॅडम, हे बी शेवटी कोयशाच्याच बिजलीवर चालते ना जी?" त्याने एकदा विचारलं.

"होय. म्हणून तर घाई हाय."

ही त्यांची भूमिका सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण पुढे लोकांनी त्यांना काय काय ठरवलं. कोळसा जायला हवा याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्यासाठी बॅटऱ्या लागतील, आणि बॅटऱ्यांसाठी मॅंगनीज, निकेल, कोबाल्ट लागेल, याबद्दलही नव्हती. "जमिनीतून आणा, समुद्रातून आणा, आभायातून तं पडत नाही," असं त्या म्हणायच्या.

ती पेटी आली त्या वर्षी आमचं बरं चाललेलं नव्हतं. मोठ्या गिऱ्हाइकांनी स्वतःच्या प्रयोगशाळा काढल्या होत्या, रोजचे नमुने आटत चालले होते. आमचे मालक अभय साखरे, मॅडमच्या हाताखालीच शिकलेले. त्यांनी बरीच खटपट करून एका कंपनीचं काम मिळवलं. समुद्राच्या तळाशी, जिथे उजेड पोचत नाही इतक्या खोल, मॅंगनीजचे गोळे पसरलेले असतात. ते यंत्राने गोळा करून वर आणायचे आणि त्यातून बॅटरीचे धातू काढायचे, अशी त्या कंपनीची योजना. आम्हाला पेटीतून आलेला नमुना तपासायचा होता, आणि काम पसंत पडलं तर पुढची कित्येक वर्षं सगळे नमुने आमच्याकडे येणार होते. आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या त्या पेटीवर होत्या म्हटलं तरी चालेल.

पेटी उघडायला सगळे जमले. आत काळे, खडबडीत, मुठीएवढे गोळे.

"आलू होय का जी हे?" सुखदेवने विचारलं, आणि सगळ्यांच्याच मनात तेच होतं.

मॅडमनी एक उचलला, तळव्यावर तोलला, भिंगातून पाहिला. दगड नव्हे, हाडासारखा हलका आहे, म्हणाल्या. मग आम्हाला सांगितलं, की हा एखाद्या शार्कच्या दाताभोवती नाही तर शिंपल्याच्या कपच्याभोवती वाढत जातो, आणि नखाच्या जाडीएवढा वाढायला त्याला लाखो वर्षं लागतात. अभयनी गोळा हातातून हळूच पेटीत ठेवला.

मॅडम मात्र पेटीत आणखी काही शोधत होत्या. गवत उपसलं, तळ चाचपला.

"गाळ कुठं हाय?"

अभयनी सांगितलं की कंपनीने गोळे स्वच्छ धुऊन पाठवले आहेत.

"म्हणजे पोरगी पाहाले गेले, अन् दागिने पाहून वापस आले," मॅडम म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. हे गोळे गाळात बसलेले असतात. यंत्र फिरलं की तो गाळ उठणार, पाण्यातून कुठवर जाणार, कोणावर बसणार, आणि त्या गाळात जे जीव आहेत त्यांचं काय होणार, हा सगळ्या भांडणाचा मुद्दा. आणि नेमका तोच धुऊन टाकलेला. अभय म्हणाले, मॅडम, आपल्याला धातू विचारलाय, गाळ नाही. त्यांनी मान डोलावली आणि कामाला लागल्या. त्यांच्या मान डोलावण्याचा अर्थ होकार असा नसे. तो मुद्दा त्यांनी फळीवर ठेवला, एवढाच असे.

कंपनीला आकड्यांबरोबर मॅडमचं पानभर मतही हवं होतं. खाणींच्या सल्लागार समित्यांवर त्यांनी बरीच वर्षं काढली होती, त्यांच्या नावाला आमच्या व्यवसायात वजन होतं. हे खाणकाम जबाबदारीने करता येईल, असं त्यांनी लिहून द्यावं अशी अपेक्षा होती. अपेक्षा म्हणजे, कंपनीचे राव साहेब फोनवर तसं म्हणालेच. राव साहेब नागपुरातच शिकलेले, आता मुंबईत असायचे, माणूस अत्यंत सभ्य.

त्याच सुमाराला धरमपेठेतल्या एका सभागृहात या विषयावर परिसंवाद होता. राव साहेब बाजूने, गोव्याहून आलेल्या समुद्रजीवशास्त्राच्या एक प्राध्यापिका विरुद्ध, आणि मॅडम तिसऱ्या. मी पहिल्या रांगेत पाण्याची बाटली आणि त्यांचा चष्म्याचा डबा घेऊन बसले होते.

राव साहेबांनी छान मांडलं. जमिनीवरच्या खाणींसाठी जंगलं तुटतात, गावं उठतात; समुद्राच्या तळाशी कोणी राहत नाही; आणि धातू मिळाले नाहीत तर कोळसा जळतच राहील. प्राध्यापिका बाईंनीही छान मांडलं. तिथे राहणाऱ्यांची आपल्याला नावंसुद्धा ठाऊक नाहीत. त्यांतले कितीतरी जीव त्या गोळ्यांनाच चिकटून जगतात. आणि एकदा गेलेला गोळा माणसाच्या हिशोबाने परत येतच नाही. तेव्हा हात लावूच नये. टाळ्या दोघांना सारख्याच पडल्या.

मॅडम उठल्या आणि आधी बाईंकडे वळल्या. "तुमच्या हातातल्या फोनमध्ये कोबाल्ट आहे. ते ज्या गावातून निघालं, त्या गावाला हात लावू नये असं कोणी म्हणालं होतं का?" सभागृह हसलं. राव साहेबही हसले, तेव्हा त्या त्यांच्याकडे वळल्या, आणि बोलणं नागपुरीत उतरलं. आमच्या गावाजवळ एक लहानशी खासगी खाण होती, म्हणाल्या, कधीची बंद पडली. ती सुरू झाल्यावर दोनेक वर्षांत विहिरीचं पाणी काळसर झालं. गाव म्हणे, हे खाणीमुळे. मालक म्हणे, तुमचं पाणी पहिल्यापासून असंच.

"दोघंही शपथा घेऊन राहिले होते. पण खाण सुरू व्हायच्या आधीचं शिशीभर पाणी कोणाजवळच नव्हतं. खाणीनं आमाले खाऊ बी घातलं, हे मी विसरत नाही. पण ते भांडण आजपर्यंत मिटलं नाही. मिटवणार कशानं?"

एवढं बोलून त्या बसल्या. टाळ्या वाजल्या, पण जरा विस्कळीत. बाहेर चहाच्या वेळी प्राध्यापिका बाईंनी मला विचारलं, या नक्की कोणाच्या बाजूने आहेत? थोड्या वेळाने राव साहेबांनीही तेच विचारलं.

मॅडमचं मत दोन दिवसांत टाइप होऊन माझ्या टेबलावर आलं. बरंचसं कंपनीला आवडेल असं होतं: धातूंची गरज खरी आहे, समुद्रातला साठा खरा आहे, यंत्र सुधारता येईल. शेवटी मात्र एक वाक्य होतं. जिथून गोळे काढायचे तशाच ठिकाणी, तितक्याच खोल, तितकाच मोठा तळ अजिबात न छेडता राखून ठेवावा. तो कुठला, हे काढणाऱ्याने ठरवू नये. आणि आधी त्याचा गाळ तपासून ठेवावा. हे होत नाही तोवर जबाबदार हा शब्द वापरता येणार नाही.

अभयनी ते वाचलं आणि दार लावून घेतलं. बराच वेळ दोघांचं बोलणं चाललं होतं. सुखदेव दोनदा चहा विचारून गेला. दार उघडलं तेव्हा अभयचा चेहरा उतरलेला होता, आणि मॅडम शुद्ध मराठीत सांगत होत्या की वाक्य काढायचं असेल तर त्यावरची त्यांची सहीही काढावी, कारण दोन्ही एकाच पानावर राहतील किंवा दोन्ही राहणार नाहीत.

अभयनी अहवाल थांबवून ठेवला. त्यांनाही दोष देता येत नाही. पगार त्यांना करायचे होते.

तेवढ्यात दुसरंच झालं. आमचे धातूचे आकडे मात्र कंपनीकडे गेले होते, आणि ते त्यांच्या आकड्यांशी जुळेनात. आमच्याकडे निकेल कमी, कोबाल्ट कमी, सगळंच कमी. याही नमुन्याच्या तीन पुड्या झाल्या होत्या, एक कंपनीची, एक आमची, एक फळीवर. कंपनीने कळवलं, तिसरी पुडी उघडा. मॅडम म्हणाल्या, जरूर. फळीवरून पुडी काढली, बिल्ल्याचं सील शाबूत असल्याचं दोन्हीकडच्या माणसांना दाखवलं, आणि ती दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेत रवाना झाली. आम्ही निर्धास्त होतो. मॅंगनीजमध्ये गजभिये मॅडमचा आकडा चुकतो, हे आमच्यापैकी कोणीच कधी पाहिलं नव्हतं.

निकाल आला आणि तो कंपनीच्या बाजूने होता.

अभयनी निकालाचा कागद माझ्याकडे दिला. मी तो कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि मला काम असल्यासारखी तिथेच घुटमळले. त्यांनी तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि पेन्सिलीने ओळीवर टकटक करत राहिल्या. मग एकदम हसल्या.

"वंदना, सगळ्यायले बोलाव. सुखदेवले बी."

आम्ही तराजूभोवती जमलो. त्यांनी त्याच गोळ्यांची भुकटी भट्टीत नीट वाळवलेली काढली, नेहमीसारखी काचेच्या बशीत घेतली आणि नेहमीसारखी तराजूवर उघडी ठेवली. ऑगस्टचे दिवस, हवा दमट. तराजूच्या पडद्यावरचा शेवटचा आकडा हलला. मग त्याच्या आधीचा. आम्ही बघतोय तोवर वजन वाढत चाललं.

"पाहा गा, पाणी पेऊन राहिलं," त्या म्हणाल्या.

आमच्याकडचं जमिनीतलं मॅंगनीज वाळवलं की गप्प बसतं. ते बशीत उघडं ठेवून, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत तोलायची आमची वर्षानुवर्षांची पद्धत. समुद्रातला हा भाऊबंद मात्र आतून सच्छिद्र, वाळवल्याबरोबर हवेतलं पाणी ओढून घेणारा. म्हणजे आम्ही धातू तोलला आणि त्याबरोबर नागपूरची पावसाळी हवाही तोलली. सगळे आकडे एकाच प्रमाणात कमी होते, ते त्यामुळे. बंद डबीत तोलायला हवं होतं. ज्याने कधी मॅंगनीज पाहिलं नाही असा नवखा माणूस पुस्तक उघडून कदाचित बरोबर करता. चुकायला मॅंगनीजमध्ये मुरलेलाच माणूस हवा होता.

त्यांनी आकडे दुरुस्त केले आणि त्यावर पहिल्याच ओळीत लिहिलं की चूक आमची होती आणि ती अशी झाली. मी विचारलं, इतकं ठळक लिहायलाच हवं का? त्या म्हणाल्या, बारीक लिहिलं तर चष्मा लावावा लागतो.

पुढच्याच आठवड्यात राव साहेब स्वतः आले. अभयच्या खोलीत चौघे बसलो. टेबलावर अहवालाच्या दोन प्रती होत्या, एक वाक्यासकट आणि एक वाक्याशिवाय. त्या मीच काढल्या होत्या, अभयनी सांगितल्यावरून. मॅडमनी दोन्ही पाहिल्या आणि होत्या तशा परत ठेवल्या.

राव साहेब आवाज न चढवता बोलले. "मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून समोर बसून विचारतो. ज्या धातूत तुमची हयात गेली, त्यातच तुमचा आकडा चुकला. समुद्राच्या तळाचा तर तुमचा अभ्यासही नाही. मग त्या वाक्याचं वजन आम्ही किती धरायचं?"

मला वाटलं, आता शुद्ध मराठी सुरू होणार. पण मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला.

"बरोबर बोलले जी तुमी. मी चुकली. सारी जिंदगी याच धातूत हात काळे केले, अन् चमचाभर भुकटीत चुकली. तरी पाहा, माया चुकीनं कोणाचं काही गेलं नाही. काहून? तं एक पुडी कोणी उघडली नव्हती. आता तुमी. मायाहून हुशार माणसं हाये तुमच्याजवळ. पण तिथं तुमच्या आधी कोणी गेलंच नाही, म्हणून तुमी बी चुकाल. मोठं चुकाल का लहान, मले माहीत नाही. पण चुकले हे कळाले तं पाहिजे. तवा उघडाले पुडी कुठं हाय?"

राव साहेब टेबलावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "राखून ठेवायला मी तयार होईन. पण कुठला भाग राखायचा, तेही आम्ही ठरवायचं नाही?"

"ज्यानं वाटलं, त्यानं उचलाचं नाही."

"वरचे लोक हे ऐकणार नाहीत, मॅडम."

"तुमी आयकलं ना. तुमच्यापासून सुरू झालं."

मी अभयकडे पाहत होते. त्यांनी वाक्याशिवायची प्रत उचलली, मधोमध दुमडली आणि खणात टाकली. दुसरी प्रत पुढे ओढून मॅडमच्या सहीखाली स्वतःची सही केली. ती करायची गरज नव्हती. मत मॅडमचं होतं, प्रयोगशाळेचं नव्हे. सहीखाली प्रयोगशाळेचा शिक्का हवा म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. मी शिक्का दिला. राव साहेबांनी अहवाल बॅगेत घातला, मॅडमना नमस्कार केला, आणि बर्फी मात्र घेतली नाही. सुखदेवला त्या दिवशी दोन वाटे मिळाले, पण त्याने ते खाल्ले नाहीत.

मोठं काम दुसऱ्या शहरात गेलं. हे मला गाळायचं नाही, कारण लोकांना अशा गोष्टींचा शेवट गोड हवा असतो. आम्ही विहिरींच्या पाण्याची तपासणी सुरू केली, मातीची केली, मी जुन्या गिऱ्हाइकांची यादी काढून एकेकाला फोन केले, आणि दीडेक वर्ष ओढाताणीत निघालं. कोणाला घरी बसावं लागलं नाही, एवढं खरं. पाण्याच्या कामाची कल्पना मॅडमची. खाण सुरू व्हायच्या आधी गावच्या विहिरीचं पाणी तपासून सीलबंद ठेवायचं, अशी ती सेवा. दोन ग्रामपंचायती स्वतःहून आल्या, तेव्हा मॅडमच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी त्यांच्या निरोप समारंभातसुद्धा पाहिलं नाही. समारंभात त्यांनी केकचे तीन भाग केले, त्यावर सगळे हसले, आणि त्या रिकाम्या हातांनी घरी गेल्या. बिल्ला तेवढा नेला.

मग एक दिवस कंपनीकडून पेटी आली. जड होती. आत गवतात नीट बसवलेल्या दोन लांब बंद नळ्या. त्यांत समुद्राच्या तळाचा गाळ होता, थरांसकट, जसाच्या तसा. एका नळीवर काढायच्या जागेचं नाव. दुसरीवर लिहिलं होतं, राखीव. सोबत राव साहेबांची चिठ्ठी. दुसरी जागा बाहेरच्या शास्त्रज्ञांनी निवडली आहे, आणि नमुन्याच्या पुड्या शक्य असेल तर गजभिये मॅडमनी बांधाव्यात, एवढंच त्यात होतं.

अभयनी फोन केला. तासाभरात मॅडम त्यांच्या स्कूटरवरून हजर. निवृत्तीनंतर बऱ्याच थकल्या होत्या. दवाखान्याच्या वाऱ्या सुरू होत्या, हे आम्हाला ऐकून ठाऊक होतं, त्यांच्याकडून नाही. पांढरे बूट मात्र तेच. कोट मागितला, तो मी धुऊन ठेवलेला होता. खिशात भिंग आणि लोहचुंबकही तसंच ठेवलं होतं.

त्यांनी राखीव नळीतला चमचाभर गाळ काचेवर घेतला. तपकिरी, लोण्यासारखा मऊ. बोटाने फिरवला, नाकाशी नेला.

"काहीच वास नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या विहिरीच्या गाळाले लोखंडाचा वास होता."

अभय म्हणाले, "मॅडम, जिंकलात तुम्ही."

"दोन नळ्यायनं समुद्र वाचत नसते, अभय. पुडी बांधली गेली, बस. भांडण व्हायचंच हाय अजून."

मग अर्धा दिवस त्या काम करत राहिल्या. या वेळी सगळं वाळवून बंद डबीत तोललं, एकदा तोललेलं पुन्हा तोललं, आणि मध्ये एकही गोष्ट सांगितली नाही. प्रत्येक नळीच्या तीन पुड्या झाल्या. काढायच्या जागेच्या पुड्यांतली एक अभयना उचलायला लावली, तिला सील केलं. राखीवच्या तीन पुड्या टेबलावर ओळीने मांडून त्यांनी हात मागे घेतले आणि माझ्याकडे पाहिलं.

"उचल वं."

मी मधली उचलली. त्यांनी मेणबत्तीवर लाख वितळवली, पुडीच्या तोंडावर थेंब पाडले, आणि घरून आणलेला वडिलांचा बिल्ला दाबून धरला, लाख थंड होईपर्यंत. दुसऱ्या कोणी इतका वेळ धरला नसता. बिल्ला उचलला तेव्हा आकडा स्पष्ट उमटला होता. पुडी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून वरच्या फळीवर ठेवली. अभय, सुखदेव आणि मी, तिघेही नको नको म्हणत होतो.

उतरल्यावर कोट काढून खुंटीला अडकवला. मी त्यांच्यासाठी गाडी बोलवायला म्हणून फोन घ्यायला आत गेले. परत येते तर खोलीत त्या नव्हत्या. त्यांच्या स्कूटरला आवाज नव्हता, त्यामुळे निघाल्याचं आत कोणालाच कळलं नाही. मी खिडकीशी गेले, तेव्हा सुखदेव चार्जिंगची वायर गुंडाळत होता आणि त्या हिंगणा रोडच्या वळणाला पोचल्या होत्या. ट्रकांच्या रांगेत ताठ बसून, डावीकडे हात दाखवून, अगदी नियमाने त्यांनी वळण घेतलं.

त्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. पुडी फळीवर आहे, सील शाबूत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी ते पाहते. माझ्या यादीत ते पहिलं काम आहे.